लग्न न झालेल्या पार्टनरला विलमध्ये कमी मिळालं तर काय करायचं (इंग्लंड आणि वेल्सपुरतं)

इतकी वर्षं एकत्र संसार केला, आजारपण काढलं, आणि विल उघडलं तर आपल्या नावावर थोडीशी रक्कम, बाकी सगळं भावाला नाहीतर पहिल्या लग्नाच्या मुलांना. अशा वेळी डोक्यात पहिलं हेच येतं की हे विलच खोटं ठरवू. थांबा जरा. विल रद्द झालं की त्याच्या आधीचं विल लागू होतं, आणि तसं काही नसेल तर विल नसतानाचे वारसाचे नियम, आणि त्या नियमांत लग्न न झालेल्या पार्टनरला काहीच मिळत नाही, वीस वर्षं सोबत राहिला असलात तरी. म्हणजे केस जिंकून होतं तेही घालवाल. कॉमन लॉ वाइफ (लग्न न करता नुसतं सोबत राहून बायको ठरणं) वगैरे लोक बोलतात पण इथल्या कायद्यात तसा काही हक्क नाहीये.

म्हणून बहुतेकांसाठी रस्ता दुसरा आहे. विल राहू द्यायचं आणि 1975 च्या इनहेरिटन्स अ‍ॅक्टखाली कोर्टाला सांगायचं की माझ्यासाठी पुरेशी सोय केलेली नाही. त्यासाठी मृत्यूच्या आधीची सलग 2 वर्षं तुमचा दोघांचा नवरा-बायकोसारखा एकच संसार हवा. शेवटचे काही महिने हॉस्पिटलात गेले म्हणून तो तुटत नाही. 2004 च्या एका निकालात तर बाई पार्टनरच्या दारूला कंटाळून मृत्यूच्या आधी काही महिने बाहेर राहायला गेली होती, तरी अपील कोर्टाने संसार चालूच होता असं धरलं. आणि 2 वर्षं भरत नसतील पण तुमचा खर्च तीच व्यक्ती उचलत होती, तर अवलंबून असलेली व्यक्ती म्हणून अर्ज करता येतो.

आता मुदत. प्रोबेट (विलप्रमाणे मालमत्ता हाताळायचा अधिकृत परवाना) निघाल्यापासून 6 महिने, मृत्यूपासून नाही. उशीर झाला तर कोर्ट परवानगी देऊ शकतं पण कृपा करून त्या भरवशावर बसू नका. नातेवाईक काही सांगत नसतील तर प्रोबेट रजिस्ट्रीत स्टँडिंग सर्च (प्रोबेट निघालं का याची चौकशी) टाका, प्रोबेट निघालं की तुम्हाला प्रत येते. कॅव्हिएट (रजिस्ट्रीत नोंदवलेली हरकत) वेगळं, त्याने प्रोबेटच अडतं, ते विलच्या खरेपणावर वाद असेल तेव्हासाठी.

किती मिळेल? लग्नाच्या जोडीदाराला कोर्ट जास्त मोठ्या मनाने बघतं, तुम्हाला मात्र उदरनिर्वाहापुरतं. त्यामुळे "मी इतकं केलं" एवढ्याने भागत नाही, महिन्याचा खर्च, पगार, बचत, कर्ज सगळं कागदावर मांडा. एका पत्त्यावरची बिलं, बँक स्टेटमेंट, फोटो, शेजाऱ्यांचे जबाब आत्ताच गोळा करा, दुःखात हे करायला हात उचलत नाही, माहितीये, पण नंतर घराची कुलूपं बदलली की कागद आतच राहतात. ज्यांना विलमध्ये मिळालंय त्यांच्या गरजा पण कोर्ट बघतं, आणि इस्टेट, म्हणजे मागे राहिलेली मालमत्ता, केवढी आहे ते पण.

घरात तुमचे पैसे गेले असतील तर तो हक्क वेगळा मागा, तो उदरनिर्वाहाचा प्रश्न नाही, ते तुमचंच आहे. पेन्शनसुद्धा बऱ्याचदा विलच्या बाहेर असते, कंपनीला थेट विचारा.

खर्चाचं आधी ठरवा, हरलात तर समोरच्याच्या वकिलाचे पैसे सहसा तुमच्यावरच येतात. म्हणून मेडिएशनला (मध्यस्थाच्या मदतीने तडजोड) नाही म्हणू नका. आणि तिथे फक्त रकमेवर अडून बसू नका, घर मुलांच्या नावावर पण तुम्हाला जिवंत असेपर्यंत तिथेच राहता येईल, असंही ठरवता येतं.