एकट्याने कळसूबाई? फोटो मागे वळून काढा

जालना, संभाजीनगरकडून रात्री निघून एकट्यानेच कळसूबाई (१६४६ मीटर) करणारे बरेच आहेत. एकट्याची वाट चुकते ती बहुधा उतरताना, कारण चढताना मागे कोण बघतंय!

१. बारी गावातून निघालात की प्रत्येक फाट्यावर मागे वळून आलेल्या वाटेचा फोटो काढा. पुढच्या वाटेचा काढून उतरताना काही उपयोग नाही.
२. फोटोत जवळचंच झाड, दगड किंवा शिडी येऊ द्या. लांबचे डोंगर धुक्यात दिसतच नाहीत.
३. बाकी वेळ फोन फ्लाइट मोडवर. किती वाजता खाली उतरणार, ते घरी आधीच सांगून ठेवा.

लोखंडी शिड्यांवर मात्र फोन खिशात आणि दोन्ही हात कठड्यावर. पावसाळ्यात तर नक्कीच.