आठवड्याचं टार्गेट लिहिताय? मग आधी या चुका टाळा

पुण्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत आम्ही एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेची तयारी करतो, आणि दर रविवारी संध्याकाळी सात-आठ जण वह्या घेऊन आठवड्याच्या टार्गेटच्या हिशेबाला बसतो. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, सगळे तसेही वडापाव शोधत बाहेर पडलेले असतात, म्हणून तीच वेळ धरली. पाच वर्षं झाली. पोरं बदलतात, कोणी पोस्ट घेऊन जातं, कोणी गावी परत जातं, पण वहीतल्या चुका मात्र त्याच त्या, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोजताच येत नाही असं टार्गेट. "या आठवड्यात पॉलिटी (म्हणजे राज्यघटना आणि राज्यव्यवस्था) करायची." अरे करायची म्हणजे काय? वाचायची, नोट्स काढायच्या की प्रश्न सोडवायचे? आमच्यात परभणीकडचा एक मुलगा होता, प्रचंड मेहनती, सकाळी सातला टेबल धरायचा ते रात्री अकरालाच उठायचा. त्याच्या वहीत सलग नऊ आठवडे "इकॉनॉमी चालू" एवढंच लिहिलेलं. दर रविवारी म्हणायचा, होतंय दादा, चालू आहे. मीही खोदून विचारलं नाही, ते माझं चुकलंच. प्रिलिम, म्हणजे पूर्व परीक्षा, तीन आठवड्यांवर आली तेव्हा त्याला आयोगाच्या जुन्या पेपरातले इकॉनॉमीचे पंधरा प्रश्न दिले, चार बरोबर आले. मग बसून बघितलं तर पठ्ठ्या नऊ आठवडे राष्ट्रीय उत्पन्न आणि बँकिंग हेच दोन चॅप्टर फिरून फिरून वाचत होता, कारण ते येत होते आणि येणारं वाचलं की अभ्यास झाल्यासारखं वाटतं. दारिद्र्य, शेती, पंचवार्षिक योजना उघडलंच नव्हतं. ते वर्ष गेलं त्याचं. निकालाच्या दिवशी त्याने वडिलांना फोन केला तेव्हा मी शेजारी उभा होतो, ते अजून डोक्यातून जात नाही.

तेव्हापासून आमच्याकडे वहीत आकडा पाहिजे म्हणजे पाहिजे. "कलम 12 ते 35 एकदा वाचून, त्यावरचे 40 जुने प्रश्न, शनिवार दुपारपर्यंत." रविवारी उत्तर हो किंवा नाही, मधलं काही नाही. राज्यसेवा मेन्स (मुख्य परीक्षा) 2025 पासून वर्णनात्मक झाली, उत्तरं लिहून द्यावी लागतात, तरी पोरं वहीत नुसतं "आन्सर रायटिंग" लिहितात. किती उत्तरं, कोण तपासणार, ते लिहा.

यूट्यूबवर टॉपरचं टाइमटेबल बघून बावीस टार्गेटं लिहू नका. मी पाचच्या वर लिहीत नाही आणि शनिवारची दुपार मुद्दाम रिकामी ठेवतो, कारण एखादा दिवस ताप, पाहुणे नाहीतर गावाकडचा फोन यात जातोच.

सीसॅट, म्हणजे प्रिलिममधला आकलन, गणित आणि तर्काचा पेपर, बहुतेकांच्या वहीत कधी येतच नाही, "पास व्हायला 33 टक्केच तर लागतात" म्हणून. 200 पैकी 66 होतात ते, आणि तिथेच अडकलेली हुशार पोरं मी पाहिलीत.

राहिलेलं टार्गेट जसंच्या तसं पुढच्या पानावर उतरवायचं ही पण वाईट खोड. दोनदा राहिलं तर तिसऱ्यांदा अर्धं करा नाहीतर खोडून टाका. आणि का राहिलं ते एका ओळीत लिहा, "वेळ नाही मिळाला" हे कारण आम्ही धरत नाही.

आता जाब विचारण्याबद्दल, इथे माझा जीव तुटतो. साठ जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढायचा, सोमवारी सगळ्यांनी टार्गेट टाकायचं, खाली अंगठ्यांची रांग आणि रात्री सगळ्यांचं "डन". काय डन, कोणी विचारत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांवर याचाच प्रयोग केला होता, ठरवलेलं दुसऱ्याने ऐकून घेतलं की त्या मुलांचं प्रत्यक्ष काम कमीच झालं. सांगूनच निम्मं समाधान मिळून जातं. म्हणून आमच्याकडे सोमवारी कोणी काही जाहीर करत नाही, रविवारी सोडवलेले प्रश्न समोर ठेवायचे. आणि वही बघणारा रूममेट नको, तो सांभाळून घेतो. आम्ही पन्नास रुपये दंडही लावून बघितला, दोन महिन्यांत बंद केला, कारण पैसे दिले की पोरांना सुटल्यासारखं वाटायचं.

अॅप कुठलं वापरू विचारणाऱ्यांना मी वीस रुपयांची वही घ्यायला सांगतो.

शेवटची चूक घाईची. 21 दिवसांत सवय लागते असं ऐकून येतात आणि चौथ्या आठवड्यात एक रविवार चुकला की यायचंच बंद करतात. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर अभ्यास केला त्यात सरासरी 66 दिवस निघाले, कोणाला 18 तर कोणाला 254, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. त्यामुळे वही कोरी असली तरी या. आणि सोमवारची वाट बघू नका, आज बुधवार असेल तर शनिवारपर्यंतच्या चार दिवसांचं लिहा, तीन टार्गेटं पुरेत.