जुनं ट्रॅकवालं लष्करी वाहन दुरुस्त करताना या चुका टाळा

ट्रॅकवर (साखळी-पट्ट्यावर) चालणाऱ्या बऱ्याच जुन्या गाड्यांत वळणं आणि थांबणं ही कामं एकच यंत्रणा करते. एका बाजूचा ब्रेक लावला की गाडी त्या बाजूला वळते, दोन्ही बाजूंचे एकदम लावले की थांबते. म्हणजे ब्रेक बिघडलेला असेल तर स्टिअरिंगही बिघडलेलं असतं. नवशिक्यांच्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात. जुना ट्रक करावा तसं ते आधी इंजिन सुरू करायच्या मागे लागतात आणि ट्रॅक, चाकं, ब्रेक यांना ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवतात. इंजिन लागतं, गाडी उत्साहात अंगणात फिरवली जाते आणि पहिल्याच वळणावर ट्रॅक निसटतो किंवा गाडी भिंतीवर जाते. आधी खालचा भाग, मग ब्रेक, शेवटी इंजिन, हाच क्रम ठेवा.

झेपणार नाही ती गाडी घेणं

दुसऱ्या महायुद्धातली युनिव्हर्सल कॅरिअर ही छोटी ब्रिटिश ट्रॅकगाडी साधारण ४ टनांची आहे आणि तिच्यात फोर्डचं ३.६ लिटरचं साइड-व्हॉल्व्ह व्ही-८ इंजिन असतं. हेच इंजिन त्या काळच्या मोटारींतही असल्यामुळे त्याचे सुटे भाग आजही मिळतात. नवशिक्यासाठी यापेक्षा चांगली सुरुवात नाही. अमेरिकन एम२९ वीझल ही मालवाहू ट्रॅकगाडी तर २ टनांहूनही हलकी आणि तिचं स्टुडबेकरचं सहा सिलिंडरचं इंजिनही साधं, म्हणून ती सोपी वाटते. पण तिच्या रबरी ट्रॅकमध्ये पोलादी केबल असतात. त्या गंजून तुटलेल्या असतील तर नवा ट्रॅक मिळवणं हेच सगळ्यात अवघड काम होऊन बसतं. साठच्या दशकातली ब्रिटिश एफव्ही४३२ ही सैनिक वाहून नेणारी चिलखती गाडी बऱ्याच ठिकाणी विक्रीला दिसते, पण ती १५ टनांची आहे. १५ टनांना लागणारे जॅक, ओंडके, क्रेन आणि लो-बेड ट्रेलर या सगळ्याचा हिशेब खरेदीआधीच करायला हवा.

पाहणी करताना रंगाकडे दुर्लक्ष करा. ताज्या रंगाची पण अपुरी गाडी घेण्यापेक्षा गंजकी पण सगळे भाग असलेली गाडी कधीही चांगली. तळाच्या प्लेटा उचलून आत किती पाणी आणि गाळ साचलाय ते बघा. प्रत्येक बाजूच्या ट्रॅकच्या कड्या मोजा आणि ट्रॅक ताणणाऱ्या ॲडजस्टरचा किती प्रवास शिल्लक आहे ते पाहा. ‘ॲल्युमिनियमला गंज लागत नाही’ या समजुतीवर विसंबू नका. स्कॉर्पियन या हलक्या ब्रिटिश रणगाड्याच्या कुळातल्या सुरुवातीच्या गाड्यांच्या ॲल्युमिनियम चिलखताला वेल्डजवळ ताणामुळे तडे जात. शिवाय ॲल्युमिनियममध्ये बसवलेल्या पोलादी बोल्टभोवती ओल राहिली की धातू पांढरा होऊन भुगा होतो. असे बोल्ट परत बसवताना आट्यांना गंजरोधक पेस्ट लावा.

हत्यार हातात घेण्याआधी धोके न शोधणं

गाडी सरावाच्या मैदानावरून किंवा भंगारातून आली असेल तर आधी प्रत्येक कोपरा टॉर्चने तपासा. काडतूस, धुराचा गोळा किंवा ओळखू न येणारं काहीही सापडलं तर हात न लावता पोलिसांना कळवा. महायुद्धकाळातल्या अंधारात चमकणाऱ्या मीटरांच्या तबकड्यांवर रेडियम असतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. तबकडीची चमक गेली म्हणजे रेडियम संपलं असं नाही, फक्त चमकणारा रंग निकामी झाला. असा मीटर उघडू नका, खरवडू नका. ब्रेकचे आणि क्लचचे लायनर, सायलेन्सरवरचं गुंडाळण आणि जुनी गॅस्केटं यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती ओली करूनच काढा, हवेच्या झोताने कधीही साफ करू नका. खालच्या थरातल्या लाल-नारिंगी रंगात शिसं आणि ॲल्युमिनियमवरच्या पिवळसर प्रायमरमध्ये क्रोमेट असतं, त्यामुळे कोरडं ग्राइंडिंग टाळा. कॅडमियमचा मुलामा असलेले बोल्ट गॅस कटरने कापले तर निघणारा धूर जीवघेणा ठरू शकतो.

पुस्तकाशिवाय खोलणं

दर वाहनाचं लष्करी तांत्रिक पुस्तक, सुट्या भागांची यादी आणि वंगणाचा तक्ता असतो. वीझलसाठी टीएम ९-७७२ हे पुस्तक आहे. पुस्तक मिळाल्याशिवाय गिअरबॉक्स खोलू नका.

आट्यांच्या बाबतीतही पुस्तकच वाचवतं. प्रत्येक देशाची आट्यांची प्रमाणित मापं वेगळी. युद्धकाळातल्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ किंवा बीएसएफ आटे असतात, अमेरिकन गाड्यांत एनसी आणि एनएफ (नंतरच्या गाड्यांत त्यांच्याशी जुळणारे यूएनसी आणि यूएनएफ). व्हिटवर्थचा कोन ५५ अंशांचा आणि अमेरिकन आट्यांचा ६० अंशांचा. बऱ्याच मापांत इंचाला आटे सारखेच असल्यामुळे चुकीचा बोल्टही आत जातो, फक्त पकड पुरी बसत नाही. अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थचे १२ आटे आणि यूएनसीचे १३. तिथे जोर लावला की भोकाचे आटेच कापले जातात. काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच्या भोकात परत हाताने दोन आटे फिरवून ठेवा किंवा खूण केलेल्या पिशवीत टाका.

ट्रॅक: सगळ्यात जास्त चुका इथे

पहिली चूक म्हणजे ट्रॅकच्या कड्या जोडणाऱ्या पिनांना तेल घालणं. युनिव्हर्सल कॅरिअरसारख्या गाड्यांत पिना कोरड्याच चालतात. तेलात वाळू आणि धूळ अडकली की त्याची घासणारी लुगदी होते आणि पिना व भोकं झपाट्याने झिजतात. रबरी बुश (पिनेभोवतीचं रबरी अस्तर) असलेल्या ट्रॅकमध्ये तेल रबराला फुगवून खातं. दोन्ही प्रकारांत तेल नकोच.

दुसरी चूक ताणाची. घट्ट ट्रॅक दिसायला छान दिसतो, पण तो स्प्रॉकेटच्या (ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या) आणि आयडलरच्या (दुसऱ्या टोकाला ट्रॅक ताणून धरणाऱ्या चाकाच्या) बेअरिंगवर सतत भार टाकतो, ताकद खातो आणि पिना झिजवतो. ढिला ट्रॅक वळताना, विशेषतः उतारावर आडवं वळताना, चाकांवरून उतरतो. नेमका झोल, म्हणजे ट्रॅक किती लोंबायला हवा, ते पुस्तकात दिलेलं असतं. तो मोजण्याआधी गाडी सपाट जागी थोडी पुढे घेऊन ब्रेक न लावता आपोआप थांबू द्या. ब्रेक लावून थांबवलं तर ताण एका बाजूला गोळा होतो आणि माप चुकतं. दोन्ही बाजूंचा झोल सारखा ठेवा.

तिसरी चूक झीज न मोजण्याची. पिना आणि भोकं झिजली की प्रत्येक कडीचं अंतर वाढतं. ट्रॅक ताणलेला असताना सलग दहा कड्यांची लांबी मोजा, दहाने भागा आणि पुस्तकातल्या आकड्याशी ताडा. ॲडजस्टर टोकाला गेला तर एक कडी काढता येते. पण तेच वारंवार करत राहिलात तर वाढलेलं अंतर स्प्रॉकेटच्या दातांशी जुळेनासं होतं. मग प्रत्येक दाताला ‘टक्‌ टक्‌’ आवाज येतो आणि दात हुकासारखे वाकडे झिजतात. नवा ट्रॅक झिजलेल्या स्प्रॉकेटवर चढवणं ही त्याहून महागडी चूक, कारण तो थोड्याच दिवसांत जुन्यासारखा होतो. बऱ्याच गाड्यांत स्प्रॉकेटचं दातेरी कडं काढून डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे बसवता येतं. मग न झिजलेली बाजू कामाला येते. नवं मागवण्याआधी हे करून पाहा.

कड्यांची संख्या दोन्ही बाजूंना सारखीच असते असं मानू नका. टॉर्शन बारवर (पिळल्या जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या आडव्या सळयांवर) चालणाऱ्या गाडीत दोन्ही बाजूंचे बार शेजारी शेजारी पडून असतात, त्यामुळे एका बाजूची चाकं दुसरीपेक्षा थोडी मागेपुढे असतात. एम११३ या अमेरिकन चिलखती गाडीत एका बाजूला ६३ आणि दुसऱ्या बाजूला ६४ कड्या असतात, आणि ते बरोबरच आहे.

ट्रॅक तोडताना, म्हणजे एका सांध्यावर उघडताना, गाडी सपाट आणि घट्ट जमिनीवर ठेवा आणि चाकांना दोन्हीकडून उटी लावा. मग आधी ताण पूर्ण सोडा. ग्रीसने भरणारा ॲडजस्टर असेल तर त्याचा सोडण्याचा स्क्रू एक-दोन आट्यांपेक्षा जास्त फिरवू नका आणि तोंड त्याच्या समोर आणू नका, कारण आतलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. तोडायच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना ट्रॅक जॅक (दोन्ही टोकं धरून ठेवणारं साधन) लावा आणि मगच पिन काढा. रबरी बुशचा ट्रॅक मुळातच आतल्या बाजूला वळायला बघतो. जॅकशिवाय पिन निघाली तर मोकळं टोक उसळतं. पिन ठोकताना पितळी किंवा मऊ पोलादी ड्रिफ्ट (मध्ये धरून ठोकायची दांडी) वापरा, डोळ्यांवर चष्मा ठेवा आणि पिनच्या दुसऱ्या टोकासमोर कुणालाही उभं राहू देऊ नका. बोटांनी कडी जुळवू नका, त्यासाठी पहार असते.

टॉर्शन बार आणि चाकं

टॉर्शन बार दिसायला जाड सळईसारखा असतो, म्हणून लोक तो काढून जमिनीवर आपटतात, वायर ब्रशने आणि ग्राइंडरने घासतात. प्रत्येक ओरखडा म्हणजे उद्याचा तडा. बार पूर्ण लांबीभर पिळला जातो आणि पृष्ठभागावरच्या बारीक खाचेतूनच तुटतो. काढलेला बार कापडात गुंडाळून ठेवा. डावा आणि उजवा बार अदलाबदल करू नका. बरेच बार कारखान्यातच एका दिशेला पिळून घेतलेले असतात आणि टोकावर बाणाची खूण असते. उलट बसवला तर तो लवकरच मोडतो.

चाकांचं रबर लोखंडाला नीट चिकटलंय का ते कडेला पातळ पट्टी घालून बघा. पट्टी आत गेली तर ते चाक पहिल्याच उन्हाळ्यात रबर सोडेल. पॉलियुरेथेन चढवणं सोपं वाटतं, पण जास्त वेगात ते आतून तापतं आणि सुटतं.

ब्रेक आणि डिफरन्शियलमध्ये चुकीचं तेल

एम११३ सारख्या गाड्यांत स्टिअरिंगचे ब्रेक-पट्टे तेलात बुडालेले असतात. तिथे ‘गिअर आहेत म्हणजे गिअर ऑइल’ असा विचार करून अतिदाबाचं गिअर ऑइल ओतलं की पट्टे सरकायला लागतात, गाडी वळत नाही आणि थांबतही नाही. वंगणाचा तक्ता जे सांगतो तेच घाला. जुन्या गिअरबॉक्समध्ये ब्राँझचे बुश असतील तर आधुनिक जीएल-५ दर्जाच्या गिअर ऑइलमधलं सक्रिय गंधक त्यांना खाऊ शकतं.

युनिव्हर्सल कॅरिअरची गोष्ट वेगळी. स्टिअरिंग चाक थोडं फिरवलं की पुढच्या चाकांची आडवी नळी सरकते आणि ट्रॅक किंचित वाकून गाडी वळते. जास्त फिरवलं की त्या बाजूचा ब्रेक लागतो. ही नळी ग्रीसअभावी जाम झाली तर प्रत्येक वळण ब्रेकवरच घ्यावं लागतं. स्टिअरिंग जड वाटत असेल तर ब्रेकला हात लावण्याआधी नळी तपासा.

इंजिन घाईने सुरू करणं

जाम इंजिन स्टार्टरने किंवा ओढून फिरवू नका. एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पेट्रोल इंजिनाचे प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये २० ते ३० मिली भेदक (जाम भागांच्या फटींत शिरणारं) तेल घाला, काही दिवस थांबा आणि मग क्रँकवर पाना लावून हाताने हळूहळू मागेपुढे करा. दोन पूर्ण फेरे मोकळे फिरल्यावर चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) खोलून गाळ काढा, नवं तेल भरा आणि प्लग न लावता स्टार्टरने फिरवून तेलाचा दाब येतो का ते पाहा. दाब आल्याशिवाय इंजिन पेटवू नका.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि कॉर्कच्या फ्लोटवरचा लाखेचा थर विरघळवतं. नळ्या सगळ्या बदला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि पोटात, तळाच्या प्लेटांखाली साचते. म्हणून झाकणं उघडी ठेवा, वास गेल्याशिवाय कुठलाही स्विच दाबू नका आणि ‘रिकाम्या’ टाकीला वेल्डिंग तर कधीच करू नका.

एफव्ही४३२ चं रोल्स-रॉइस के६० किंवा एम११३ए१ चं डेट्रॉइट ही टू-स्ट्रोक डिझेल इंजिनं आहेत. इंधनाचं प्रमाण ठरवणारा रॅक अडकला तर ती वाढत्या वेगाने सुटतात आणि किल्लीने बंद होत नाहीत. पहिल्या स्टार्टला हवेचं तोंड झाकता येईल अशी जाड सपाट प्लेट घेऊन एक माणूस तिथे उभा हवा. तळहात किंवा फडकं चालणार नाही, आत ओढलं जाईल.

२४ व्होल्टच्या गाडीत एका बॅटरीवरून १२ व्होल्टची जोडणी काढू नका. एक बॅटरी कमी आणि दुसरी जास्त चार्ज होऊन दोन्ही मरतात.

पहिली फेरी आणि लक्षणं

पहिली फेरी सपाट, मोकळ्या जागी, चालण्याच्या वेगात. आधी दोन्ही बाजूंचे ब्रेक तपासा, मगच वळा. जागच्या जागी गरकन वळवू नका. त्याने ट्रॅकवर सगळ्यात जास्त आडवा ताण येतो आणि काँक्रीटही उखडतं. चार-पाच किलोमीटरनंतर थांबा आणि प्रत्येक हबचं तापमान बघा. शेजाऱ्यांपेक्षा एकच हब गरम असेल तर बेअरिंग घट्ट आहे किंवा तेल गळून गेलंय. शॉक ॲब्सॉर्बरचं उलट असतं. बाकीचे कोमट असताना जो थंड राहतो, तो काम करत नाहीये.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर लगेच ब्रेकच्या पट्ट्यांना हात लावू नका. आधी दोन्ही ट्रॅकचा झोल, मग कड्यांची संख्या, मग स्प्रॉकेटची झीज, आणि शेवटी पट्ट्यांचं समायोजन. लीव्हर शेवटपर्यंत ओढूनही गाडी हळू वळत असेल तर पट्टा झिजलाय किंवा तेल चुकीचं आहे. ट्रॅक पुन्हा पुन्हा एकाच बाजूला उतरत असेल तर ताण वाढवत बसू नका. आयडलर चाकांच्या रेषेत आहे का आणि कड्यांची मार्गदर्शक शिंगं (ट्रॅकला चाकांवर धरणारे उभे दात) झिजलीत का ते पाहा. नव्याने जोडलेल्या ट्रॅकच्या सांध्यांचे बोल्ट पहिल्या फेरीनंतर टॉर्क पान्याने परत आवळा. रंग, रबर आणि धूळ दबल्यामुळे ते हमखास ढिले झालेले असतात.