जुनी पोलकी, जुनं पितळ: या चुका टाळा

जुनी वस्तू माळ्यावर पन्नास वर्षं सुखाने पडून असते आणि आपल्या हातात आली की पहिल्याच आठवड्यात तिची वाट लागते. जळगाव घ्या, धुळं घ्या, भुसावळ घ्या, सगळीकडे तेच. धुवायची घाई, घासायची घाई, कापायची घाई, प्लग लावून बघायची घाई. सध्या रेट्रो थीमची हळद, प्री-वेडिंगला आजीच्या काळातला ब्लाऊज, हॉलच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब असं जोरात चाललंय, आणि चांगलंच आहे भो, नाहीतर हे सगळं बोहारणीकडे नाहीतर मोडीत जात होतं. पण चुका बघाल तर ठरलेल्या असतात, म्हणून लिहिते. आधी शिवणाचं घेऊ, मग भांड्यांकडे वळू.

आजीमायची साडी थेट कात्रीखाली

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. जुनं रेशीम वरून कितीही झळझळीत दिसू दे, वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेलं असलं की त्या घडीच्या रेषेवरच ते मेलेलं असतं. साडी उजेडासमोर धरा, घडीवर बारीक चिरा दिसतात का बघा, मग नेसल्यावर आत खोचला जातो त्या टोकाला दोन बोटांत धरून अगदी हलकं ताणून बघा. चर्र झालं तर त्या साडीचा अंगाला घट्ट बसणारा ब्लाऊज होणार नाही, कितीही भारी टेलर असला तरी नाही, पहिल्याच लग्नात पाठीवर उसवेल, आणि उसवेल म्हणजे शिलाई नाही, कापडच फाटेल. अशा साडीचा पदर आणि काठ वेगळे काढून नव्या कापडावर लावा, किंवा साडी तशीच राहू द्या.

कापड बऱ्यापैकी दमदार असेल तर अस्तराची पद्धत बदला. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अस्तर वेगळं शिवून गळ्याला जोडतात, त्यात सगळा ताण वरच्या कापडावरच येतो. त्याऐवजी रेशीम आणि सुती अस्तर एकावर एक ठेवून कडेने कच्चा धावदोरा घाला आणि दोन्ही मिळून एकच कापड आहे असं समजून टक्स घ्या, बाही लावा, सगळं करा. ताण अस्तर घेतं. अस्तर मात्र आधी भिजवून वाळवून इस्त्री केलेलं पाहिजे, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं रेशीम फुगून राहतं. सुई ९ किंवा ११ नंबरची घ्या, आणि टाचण्या मायेतच, म्हणजे शिलाईच्या बाहेर सोडलेल्या जादा कापडातच टोचा, कारण रेशमावर टाचणीचं भोक पडलं की ते तिथेच राहतं.

जरीबद्दल एक. खरी जर म्हणजे चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा, ती काळवंडते, त्यात तिचा दोष नाही. तिच्यावर लिंबू, टूथपेस्ट, भांड्याची पावडर काहीही लावू नका. डांबरगोळ्या जरीला टेकतील अशा ठेवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत साडी कोंडू नका, जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळा आणि दर दोनचार महिन्यांनी घडी बदला. आणि कुणी जरीच्या वजनावर साडीचा भाव करायला लागला तर समजून घ्या की त्याला साडी नकोय, जर जाळून चांदी काढायचीय.

कापड आणि मापं

खणाचं पोलकं किंवा चोळी शिवताना लोक नेहमीच्या कापडाचा हिशोब लावतात आणि बाह्या कमी पडतात. कर्नाटकातल्या गुळेदगुडचा खण लहान पन्ह्याचा, म्हणजे कमी रुंदीचा असतो, ३०-३२ इंचांच्या आसपास, तेव्हा आधी पन्हा मोजा, मग किती घ्यायचं ते ठरवा, आणि काठ कुठे येणार हे कापायच्या आधी कागदावर काढून बघा. गडद रंगाचं सुती कापड असेल तर कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबा. रंग लागला तर ते वेगळं धुवायचं, बस. मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो ही समजूत सगळीकडे आहे पण आजकालच्या रंगांना त्याने विशेष काही होत नाही.

आता माझा आवडता विषय, मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा गोल. साठ-सत्तरच्या दशकातले ब्लाऊज बघा, बाही घट्ट, मुंढा एकदम वर काखेला चिकटून. आजची बाई तो घालून बघते, म्हणते काचतोय, आणि टेलरला सांगते मुंढा खाली घ्या. टेलर घेतो. मग हात वर केला की अख्खा ब्लाऊज वर येतो, पोट उघडं पडतं, आणि आपण म्हणतो जुनी फॅशन कम्फर्टेबल नव्हती. अहो उलट आहे! मुंढा वर असला की हात हलतो तेव्हा फक्त बाही हलते, धड जागेवर राहतं. काचत असेल तर मुंढा खाली न घेता बाहीच्या दंडाला थोडी ढील द्या आणि मुंढ्याच्या मायेला छोटे छोटे काप द्या म्हणजे गोलाई मोकळी होते, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. पारंपरिक चोळीत तर काखेत वेगळा छोटा तुकडा जोडायचे, तो शोभेला नव्हता, हात वर जावा म्हणून होता, आणि जुनी चोळी उसवून तिच्यावरून माप काढताना नेमका तोच तुकडा चिंधी समजून फेकला जातो.

फुग्याची बाही फुगत नसेल तर तुम्ही नुसती रुंदी वाढवलीय. उंचीसुद्धा वाढवावी लागते, बाहीचा वरचा गोल दीडदोन इंच उंच कापा आणि चुन्या वरच्या मधल्या भागातच घ्या, पार काखेपर्यंत नेऊ नका.

पुरुषांच्या कपड्यात दोनच गोष्टी. बेलबॉटम पातळ स्ट्रेच कापडात शिवला की घेर लोंबतो, त्याला जाड टेरिकॉट किंवा ड्रिल पाहिजे, आणि मांडीला फिट ठेवून घेर गुडघ्यापासून सुरू करा, वरूनच सैल केलात तर तो पायजमा होतो. दुसरं, लांब टोकाची कॉलर. धुतल्यावर तिच्यावर फोड आल्यासारखं होतं कारण आतलं बकरम, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारं कापड, नीट चिकटलेलं नसतं, इस्त्री घासत फिरवलेली असते. फिरवायची नाही, दाबून धरायची, उचलायची, पुढे ठेवायची, आणि गार होईपर्यंत कॉलर हलवायची नाही.

अमळनेरच्या प्रताप मिलचं किंवा जळगावच्या खान्देश मिलचं जुनं कापड कुणाच्या पेटीत सापडलं आणि टोकाला मिलचा शिक्का असला तर ते टोक तेवढं कापू नका. मिल बंद पडल्या, शिक्का आता कुठून आणणार.

मशीन

पायमशीन घरात असेल तर भाग्यवान आहात, पण त्यात खोबरेल तेल घालू नका. हे इतक्या घरांत होतं की विचारू नका. खोबरेल काही दिवसांनी चिकट होतं, धूळ धरतं, आणि आपल्याकडे धूळ काय कमी आहे का, मशीन जाम. जाम झालं असेल तर जोर लावून चाक फिरवू नका. तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे दोनचार थेंब टाका, रात्रभर राहू द्या, सकाळी हळूहळू फिरवा, निघालेला काळा मळ पुसा आणि मग शिलाई मशीनचंच तेल घाला. गॅसजवळ हे करू नका म्हणजे झालं.

खाली दोऱ्याचा गुंता होतोय म्हणून लोक बॉबीनकेसचा स्क्रू पिळत बसतात. खाली गुंता म्हणजे बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. सुईजवळचा कापड दाबणारा पाय वर उचलून पुन्हा पहिल्यापासून ओवा. टाके सुटत असतील तर आधी सुई बदला, नंतर बाकीचं. सुईला एका बाजूला लांब खाच असते, दोरा ज्या बाजूने ओवतो त्या बाजूला ती खाच यायला हवी, चपटी बाजू तिच्या विरुद्ध. आणि आजीच्या डब्यातली लाकडी रिळं शोकेसमध्ये ठेवा, शिवायला घेऊ नका, एक वीत दोरा ताणून बघा, पुटकन तुटेल.

भांडी, आणि चमकवायचा रोग

कानबाईच्या सणाआधी घरोघरी पितळ घासायला निघतं, तेव्हा हा भाग खास. जुनं पितळ कधीही टॉयलेट क्लीनरने धुवू नका. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, अ‍ॅसिड त्यातलं जस्त खातं आणि भांड्यावर गुलाबी-तांबूस डाग पडतात. ते डाग मळाचे नसतात, भांडंच तिथे बदललेलं असतं, घासून जात नाहीत. रोजच्या भांड्याला चिंच-मीठ किंवा लिंबू चालतं, पण लावून ठेवायचं नाही, लगेच धुवायचं आणि कोरड्या फडक्याने पुसायचं. शोभेच्या वस्तूला तर मी म्हणते नुसतं साबणाचं पाणी बास. तो तपकिरी रंग यायला दोन पिढ्या लागल्यात, तुम्ही अर्ध्या तासात घालवून टाकता आणि मग तोच अँटिक लुक यावा म्हणून बाजारातनं काळं केलेलं नवं पितळ दुप्पट भावात आणता.

बफिंग मशीन, ते चाक फिरवून घासत चमकवणारं, त्याहून वाईट. हंडा, कळशी, घंगाळ यांवर काठाजवळ बघा, टिंब टिंब टोचून नाव घातलेलं असतं, कुणाच्या लग्नात, कुणाकडून, कधी सालसुद्धा. संग्रह करणाऱ्यासाठी त्या भांड्याची किंमत त्या टिंबांत आहे. बफ फिरला की नाव गेलं, नक्षीच्या कडा गुळगुळीत झाल्या, आणि उरलं किलोवर विकायचं पितळ.

विकत घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटला तर आत लोखंड आहे, वर पितळेचं पाणी. पण नाही चिकटला म्हणजे पितळच असं नाही, अ‍ॅल्युमिनियमलाही चिकटत नाही, तेव्हा वजन बघा, तळ बघा, झीज कुठे झालीय बघा. खरी झीज हात लागतो तिथे आणि बूड टेकतं तिथे होते. सगळीकडे सारखंच काळं असेल आणि स्क्रूवर अधिकच्या चिन्हाची खाच असेल तर गपचूप पुढच्या दुकानात चला. कासं वेगळं ओळखा, ते तांबं आणि कथलाचं, वाजवलं की लांब नाद देतं आणि पडलं की फुटतं, पितळ पडलं तर त्याला पोचा येतो.

जुन्या पितळी पातेल्यात आमटी किंवा कढी करायची हौस असेल तर आधी कल्हई. कल्हईवाल्याला शुद्ध कथीलच लावायला सांगा, डागायला वापरतात ते शिसं मिसळलेलं नको. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणजे रिकामं भांडं मोठ्या गॅसवर विसरलात की कल्हई गेली. तारेच्या घासणीनेही जाते.

मांडे, म्हणजे आपली मोठी पातळ पुरणपोळी, भाजायचं मातीचं खापर जुनं मिळालं तर साबण लावू नका, माती तो पिऊन घेते आणि पुरणपोळीला वास येतो. ओलं खापर एकदम मोठ्या आचेवर ठेवलं तर तडकतं, दोन दिवस वाळवा मग मंद आचेवर. चिनी मातीची बरणी बोटाने वाजवून घ्या, नाद बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. आतला लेप तडकलेला असेल तर तिच्यात लोणचं घालू नका, फुलं ठेवा.

लाकूड, रेडिओ, रेकॉर्डी

सागवानी पेटी आणली, कीड दिसली, आणि ती मे महिन्यात गच्चीवर टाकली, हा प्रकार बंद करा. आपल्याकडे ४५ अंश काही नवीन नाही, त्या उन्हात लाकूड उलतं, सांधे सुटतात. पेटी वेगळ्या खोलीत भिंतीपासून लांब ठेवा, बारीक भोकांतून पिठासारखी भुकटी पडतेय का बघा, पडत असेल तर औषध भोकांत सिरिंजने सोडा. ऑइलपेंट तर अजिबात नको. रेकॉर्डी उन्हात वाकतात हे सगळ्यांना माहितीये, पण जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या रेकॉर्डी स्पिरिटने पुसल्या की लाख विरघळते हे फार कमी जणांना माहिती असतं. ग्रामोफोनची सुई एक बाजू वाजली की बदलायची, काटकसर सुईत केली की खड्डे रेकॉर्डीवर पडतात.

व्हॉल्व्हचा रेडिओ मिळाला की पहिला हात प्लगकडे जातो. तिथेच थांबा. आतल्या वायरींचं रबर कुस्करलेलं असतं, कंडेन्सर सुकलेले असतात, आणि काही जुन्या सेटमध्ये आतली लोखंडी चौकटच लाइव्ह असते, शॉक जोरात बसतो. जुना रेडिओ मेकॅनिक शोधा, तो मधे बल्ब लावून चालू करेल, वायरमन नको. आणि रेडिओसोबत लायसनचं पुस्तक असेल तर तेही मागून घ्या, पोस्टाच्या नोंदी असलेलं, विकणारा ते रद्दीत टाकतो.

कायद्याचं थोडं. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुन्या वस्तू पुरावशेषात मोडतात, हस्तलिखितांना ७५ वर्षं पुरतात, त्यांचा धंदा करायला परवाना लागतो, परदेशात तर तुम्हाला नेताच येत नाही. मूर्ती, चित्रं अशांची नोंदणी लागते. म्हणून देवळातून आलेली मूर्ती किंवा समई कुणी स्वस्तात देत असेल तर कुठून आली ते विचारा आणि उत्तर गोलमाल असलं तर हात लावू नका. शेतात नांगरताना काही सापडलं तर १८७८ चा निखात निधी कायदा आहे, कलेक्टरला कळवावं लागतं, सरळ सराफाकडे नाही.

पेटीच्या तळाशी पोथी निघाली तर तिला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर चुकूनही नको, दोन्ही उलटं करता येत नाही. कोरड्या सुती कापडात बांधा आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात नेऊन दाखवा.