खुर्ची कोणाची, सही कोणाची: राज्यशास्त्राच्या पहिल्या वर्षात आलेल्यांसाठी

बी.ए.च्या पहिल्या वर्षी मी शासनप्रकारांचा तक्ता पाठ केला होता. राजेशाही, हुकूमशाही, संसदीय, अध्यक्षीय, संघराज्य, आणि प्रत्येकाची सहा-सहा वैशिष्ट्यं. गुणही बरे पडले. त्याच उन्हाळ्यात आमच्या गावच्या नळयोजनेचा पंप जळाला. सरपंचबाई निवडून आलेल्या, सगळं गाव त्यांच्या बाजूनं, दुकानदार पंप द्यायला तयार. पण ग्रामपंचायतीच्या खात्यातून पैसे काढायला सरपंचांच्या जोडीला ग्रामसेवकाची सही लागते, आणि ग्रामसेवक रजेवर होते. ते जिल्हा परिषदेचे कर्मचारी, त्यामुळे सरपंचांना त्यांची बदलीही करता येत नाही. (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.) चार दिवस आई विहिरीवरून पाणी शेंदून आणत होती. सत्ता कोणाकडे असते, हा प्रश्न माझ्यासाठी त्या चार दिवसांत खरा झाला.

तेव्हापासून कुठलीही राज्यव्यवस्था वाचताना मी आधी दोन गोष्टी शोधतो. पैशावर सही कोणाची? आणि कोण कोणाला काढू शकतं, किती मतांनी? व्याख्या त्यानंतर.

आपल्या राष्ट्रपतींचंच बघा. कलम 53 म्हणतं की संघाची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी आहे. बहुतेक विद्यार्थी इथेच थांबतात आणि चुकतात. पुढे कलम 74 वाचा. मंत्रिमंडळाचा सल्ला 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीनं स्पष्टपणे बंधनकारक झाला. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीनं तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवायची मुभा दिली, पण तोच सल्ला पुन्हा आला की मानावाच लागतो. मग कलम 75: मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार. ही तीन कलमं एका कागदावर एकाखाली एक लिहून काढा. गाइडमधली वीस पानं वाचून जे डोक्यात शिरत नाही ते या एका कागदावर दिसतं.

संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतींतला फरक मला ज्या दोन मतदानांनी कळला, ती मी प्रत्येक नवीन विद्यार्थ्याला सांगतो. 17 एप्रिल 1999 रोजी लोकसभेत वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूनं 269 आणि विरोधात 270 मतं पडली. एका मतानं सरकार गेलं. आता 1868 ची अमेरिका घ्या. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरच्या महाभियोगात सिनेटमधल्या 54 जणांपैकी 35 जणांनी त्यांना दोषी ठरवलं. पदावरून काढायला दोन-तृतीयांश, म्हणजे 36 मतं हवी होती. सभागृहातली बहुसंख्य माणसं विरोधात असूनही जॉन्सन पदावर राहिले, तेही एका मतानं! दिल्लीत बहुमत गमावणं हेच जाण्याचं कारण. वॉशिंग्टनमध्ये आधी गुन्हा सिद्ध करावा लागतो, नुसता अविश्वास पुरत नाही. एवढं पक्कं झालं की वैशिष्ट्यांची यादी तुम्ही स्वतः लिहू शकाल.

फ्रान्सचं गणित यात बसत नाही, म्हणून ते आवर्जून वाचा. 1986 मध्ये समाजवादी राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांना विरोधी पक्षाच्या शिराक यांना पंतप्रधान नेमावं लागलं, कारण संसदेत बहुमत शिराक यांच्या बाजूचं होतं. चीनमध्ये तर पदांची नावं वाचून काहीच हाती लागत नाही. देशाची सूत्रं ज्यांच्या हातात होती ते डेंग झिआओपिंग कधी राष्ट्राध्यक्षही नव्हते आणि पंतप्रधानही नव्हते. 1989 पर्यंत केंद्रीय लष्करी आयोगाचं अध्यक्षपद मात्र त्यांनी हातातून सोडलं नाही.

आणि मुंबई. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना मी हमखास विचारतो, मुंबई कोण चालवतं? उत्तर येतं, महापौर. महापौर सभागृहाच्या अध्यक्षस्थानी असतात. 1888 च्या कायद्यानं कारभाराचे अधिकार आयुक्तांना दिले आहेत आणि आयुक्तांना नेमतं राज्य सरकार. मोठ्या कंत्राटांची मंजुरी मात्र स्थायी समितीकडे, म्हणून त्या समितीच्या अध्यक्षपदासाठी एवढी चुरस असते. नगरसेवकांच्या हातात एक दोर आहे: एकूण सदस्यांपैकी पाच-अष्टमांश जणांनी ठराव केला तर आयुक्तांना परत बोलवावंच लागतं. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली, तेव्हा आयुक्तच प्रशासक झाले आणि तो दोर धरायला कोणी उरलं नाही.

पुस्तकांबद्दल थोडंच सांगतो. राज्यघटनेची मराठी प्रत जवळ ठेवा आणि गाइडच्या आधी मूळ कलम वाचा. ॲरिस्टॉटलपाशी पोचाल तेव्हा घाई करू नका. त्याच्या वर्गीकरणात लोकशाही बिघडलेल्या प्रकारांत मोडते, कारण गरिबांची बहुसंख्या फक्त स्वतःचं हित बघते असं त्याचं म्हणणं होतं. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे लिहून काढताना मी जितकं शिकलो तितकं कुठल्याच व्याख्यानात शिकलो नाही.

शेवटचं काम घराबाहेरचं आहे. पहिलं सत्र संपायच्या आत एका ग्रामसभेला जाऊन बसा. गणपूर्तीला, म्हणजे सभा चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. आमच्या गावात मी अशी सभा पाहिली आहे. मारुतीच्या पारावर मोजून अकरा माणसं होती आणि वर्षभराच्या कामांची यादी वीस मिनिटांत मंजूर झाली. पंप जळाला तेव्हा रांगेत उभं राहिलेलं त्या दिवशी तिथे कोणीच नव्हतं. तुम्ही जाल तेव्हा आधी हजेरीवही मागून घ्या आणि सह्या मोजा.