कान्हेरीत पुन्हा हेरिटेज वॉक सुरू करताना : स्वयंसेवक गाइडसाठी (कोविडकाळ, २०२१)

कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, १६ जून २०२१ पासून, पुरातत्त्व खात्याने आपली स्मारके पुन्हा उघडायला परवानगी दिली. तरी वॉकची तारीख ठरवण्याआधी महापालिकेचे निर्बंध आणि कान्हेरी लेणी ज्यात आहेत त्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे गेट, दोन्हींची चौकशी करा. लेणी सोमवारी बंद असतात, हे इतक्या महिन्यांच्या खंडानंतर विसरायला होते.

आधी स्वतःकडे बघा. लशीचा दुसरा डोस होऊन १४ दिवस गेलेले असावेत. कोविड होऊन गेला असेल, तर घरी सहा मिनिटे सपाट जागेवर चाला आणि चालण्याआधी व नंतर ऑक्सिमीटर लावा. ऑक्सिजनचा आकडा ९४ च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त घसरला, तर कान्हेरीच्या पायऱ्या चढू नका, डॉक्टरांना दाखवा. साठीपुढच्या स्वयंसेवकांनी नोंदणी आणि फोनचे काम घेतले तरी त्यांचा वॉकमधला वाटा कमी होत नाही. कुणालाही भिडेखातर यायला लावू नका.

ग्रूप आठ जणांचा, शेवटी चालणारा एक स्वयंसेवक वेगळा. दोन ग्रूपमध्ये अर्ध्या तासाचे अंतर. नाव आणि मोबाइल लिहून ठेवा, १४ दिवसांनी यादी नष्ट करा.

आता सर्वात महत्त्वाचे : बोलायचे बाहेर, बघायचे आत. तासभर सलग बोलणारा माणूस ग्रूपमध्ये एकच, तो म्हणजे गाइड. जितक्या मोठ्याने बोलू तितके जास्त सूक्ष्म थेंब तोंडावाटे बाहेर पडतात, आणि लेण्यात हवा खेळत नसेल तर ते तिथेच तरंगत राहतात. सॅनिटायझरने यावर काहीच होत नाही.

३ क्रमांकाच्या चैत्यात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहात, हे असे करा. अंगणात उभे राहून सगळे सांगून टाका : व्हरांड्याच्या दोन्ही टोकांच्या भव्य बुद्धमूर्ती, सातवाहनकालीन शिलालेख, आतला स्तूप, खांबांचे काही माथे कोरलेले तर काही साधेच कसे राहिले. "आत गेलात की दोन्ही प्रकारचे खांब शोधा," एवढे काम द्या. मग चार-चार जण, पाच मिनिटे, मास्क लावून, गप्प. बाहेर आल्यावर प्रश्न. लोक खरे तर जास्त नीट बघतात. आत बोलत राहिले की त्यांचे डोळे गाइडकडेच लागतात. ११ क्रमांकाचे दरबार लेणे प्रशस्त दिसते, पण छत बुटके आहे. तिथेही बाहेरूनच सांगा.

उघड्यावर बोलताना वारा आडवा घ्या, म्हणजे तुमचा श्वास ग्रूपकडे जात नाही आणि त्यांचा तुमच्याकडे येत नाही. दोन मीटर अंतर ठेवा. मास्क एन-९५, झडप नसलेला. झडपेतून तुमचा श्वास न गाळता बाहेर जातो. नुसती फेस शील्ड पुरेशी नाही, बाजूने सगळे मोकळेच असते. मुंबईच्या दमटपणात मास्क घामाने भिजतो आणि श्वास जड होतो, म्हणून तीन जवळ ठेवा. मास्कमुळे व्यंजने बोथट होतात. त्यावर उपाय ओरडणे नव्हे. सावकाश बोला, वाक्ये तोडा आणि कमरेला लावायचा छोटा स्पीकर वापरा. त्याचा माइक ज्याचा त्यालाच, वॉकच्या मध्येच दुसऱ्याच्या तोंडाशी द्यायचा नाही. ऐकू कमी येणाऱ्यांना आपले ओठ दिसत नाहीत, त्यांच्यासाठी मुख्य नावे आणि शतके ए-३ कागदावर ठळक लिहून दाखवा. छायाचित्रे हातोहात फिरवू नका.

सॅनिटायझर किमान ६० टक्के अल्कोहोलचा, आणि तो फक्त हातांवर. मूर्तीवर, लेखावर किंवा ३४ क्रमांकाच्या लेण्यातल्या जुन्या चित्रांजवळ फवारा मारू देऊ नका. हायपोक्लोराइट हे जंतुनाशक तर दगडाजवळही नको.

बेत बहुतेक वेळा पावसात फसतो. सर आली की सगळे एकाच व्हरांड्यात दाटीवाटीने शिरतात आणि मास्क हनुवटीवर येतात. म्हणून नोंदणी करतानाच सांगा : प्रत्येकाची स्वतःची छत्री हवी. उघडलेल्या छत्र्यांमुळे अंतर आपोआप राहते. जोर वाढला तर ग्रूप दोन-तीन लेण्यांत वाटून द्या, आणि शेवाळलेल्या खडकावरून कुणाला घाई करू देऊ नका. वॉकनंतर कुणी पॉझिटिव्ह निघाले, तर त्याच दिवशी यादीतल्या सगळ्यांना फोन करा. आजारी माणसाचे नाव सांगायची गरज नाही. तारीख, वेळ आणि किती काळ एकत्र होतो एवढे पुरते.