मंडपातले इंटरनेटविना नेटवर्क : पत्ते राउटरच्या भरवशावर सोडू नयेत

सप्ताहातील कीर्तन किंवा शाळेचे स्नेहसंमेलन तीन कॅमेऱ्यांनी चित्रित करायचे ठरले की कोणीतरी हमखास इंटरनेटसाठी चांगले डोंगल घेण्याचा सल्ला देतो. पण कॅमेरे, स्विचर (कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र दाखवायचे ते निवडणारे यंत्र) आणि लॅपटॉप एकमेकांना दिसण्यासाठी इंटरनेट लागतच नाही. एक साधा राउटर, एक गिगाबिट स्विच (अनेक यंत्रांच्या केबल एकत्र जोडणारी पेटी) आणि कॅट-६ केबल एवढ्यावर काम भागते.

पायरी १ : जोडणी. राउटरच्या लॅन पोर्टातून एक केबल स्विचला न्यावी, बाकी सर्व यंत्रे स्विचलाच जोडावीत आणि राउटरचे वॅन पोर्ट, म्हणजे इंटरनेटची केबल लावण्याचे पोर्ट, मोकळे ठेवावे. स्विच गिगाबिटचाच घ्यावा, कारण पूर्ण दर्जाच्या एनडीआयचे (नेटवर्कवरून चित्र पाठवण्याची पद्धत) एका एचडी कॅमेऱ्याचे चित्र सेकंदाला सव्वाशे मेगाबिटच्या आसपास जागा खाते आणि शंभर मेगाबिटच्या स्विचवर असा एक कॅमेराही धड चालत नाही.

पायरी २ : पत्ते. माझी फजिती झाली ती येथेच. पूर्वी मीही सर्व आयपी पत्ते (नेटवर्कवर प्रत्येक यंत्राची ओळख सांगणारे आकडे) राउटरला वाटू देत असे. एका सप्ताहात सीसीटीव्ही लावणाऱ्याने माझ्या स्विचमध्ये रिकामे पोर्ट पाहून आपला राउटर न विचारता जोडला. जेवणाच्या सुट्टीत मी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, तेव्हा त्याला त्या परक्या राउटरकडून १९२.१६८.०.१०७ असा वेगळ्याच पट्ट्यातला पत्ता मिळाला आणि दोन कॅमेरे एनडीआयच्या यादीतून नाहीसे झाले. एनडीआयचा आपोआप होणारा शोध आपल्या पट्ट्यापलीकडे, म्हणजे येथे पहिले तीन आकडे सारखे असलेल्या पत्त्यांपलीकडे, जात नाही, हे ठाऊक नसल्याने मी अर्धा तास केबल बदलत बसलो. तोवर बुवा उभे राहिले होते.

तेव्हापासून चित्राशी संबंधित प्रत्येक यंत्राला मी हातानेच पत्ता देतो. ब्लॅकमॅजिक या कंपनीचे बरेच एटेम स्विचर १९२.१६८.१०.२४० हा पत्ता घेऊनच येतात, म्हणून संपूर्ण नेटवर्क त्याच पट्ट्यात बसवणे सोयीचे पडते : राउटरला १९२.१६८.१०.१, कॅमेऱ्यांना शेवटचा आकडा ११ पासून पुढे, लॅपटॉपांना २१ पासून पुढे, आणि सबनेट मास्क (पट्टा कुठवर आहे ते सांगणारा आकडा) सर्वत्र २५५.२५५.२५५.०. राउटरने पाहुण्या यंत्रांसाठी १०० ते १९९ एवढेच पत्ते वाटावेत. ही यादी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावी. मोबाइलमधली यादी ऐन वेळी सापडत नाही.

लॅपटॉपच्या केबलजोडणीत गेटवेचा (इंटरनेटकडे कोठून जायचे त्या पत्त्याचा) रकाना रिकामा ठेवावा. तो भरला, तर पुढे यूट्यूबसाठी मोबाइलचा हॉटस्पॉट जोडल्यावरही विंडोज बहुधा केबलमधूनच इंटरनेट शोधत राहते. विंडोजने हे नेटवर्क ‘पब्लिक’ ठरवले असेल, तर ते ‘प्रायव्हेट’ करावे, नाहीतर फायरवॉल कॅमेरे अडवू शकते. एखादा पत्ता १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला, तर त्या यंत्राला पत्ता कोणीच दिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पायरी ३ : वायफाय. ते केवळ कॅमेरा फिरवणाऱ्या टॅबलेटसाठी ठेवावे आणि ५ गिगाहर्ट्झवर चालवावे. चित्र वायफायवरून नेण्याचा सल्ला देणाऱ्याने भरलेल्या मंडपात शेकडो मोबाइलांच्या गर्दीत ते एकदा चालवून दाखवावे. इंटरनेट नसलेले वायफाय अँड्रॉइड स्वतःहून सोडून मोबाइल डेटाकडे वळते, म्हणून टॅबलेटमधील सिम काढून ठेवावे.

पायरी ४ : वीज. राउटर आणि स्विच छोट्या यूपीएसवर ठेवावेत. त्यावर एकच जागा उरली असेल, तर ती स्विचला द्यावी. पत्ते हाताने दिलेले असल्याने राउटर बंद पडला तरी केबलवरचे कॅमेरे लॅपटॉपवर दिसत राहतात.